सासऱ्यांचा आलेख

ती ज्या कंपनीत इंजिनिअर होती, तिथे हृदयाचे ठोके टिपणारं एक छोटं यंत्र तयार होत होतं. छातीला चिकटवलेल्या वायरींमधून संकेत यायचे, आतला प्रोसेसर त्यांची पॅकेटं, म्हणजे माहितीची छोटी पुडकी, बांधून यूएसबी केबलमधून कॉम्प्युटरकडे धाडायचा आणि तिथे आलेख उमटायचा. पण तो मधेच सपाट व्हायचा. काही पॅकेटं कॉम्प्युटरपर्यंत पोचतच नव्हती.

प्रोसेसरचा प्रोग्राम तिने लिहिलेला, त्यामुळे खापरही तिच्याच डोक्यावर. चाचणीला खऱ्या छातीचा माणूस हवा होता, म्हणून तिने सासऱ्यांनाच आणलं. ते बस चालवून निवृत्त झालेले.

पडद्यावरची सपाट रेघ पाहून ते म्हणाले, "सूनबाई, इंजिन बंद पडलं की काय?"

"नाही हो बाबा. चूक आमची आहे."

सर्किट बनवणाऱ्या सहकाऱ्याला सगळे शंकासुर म्हणत. त्याने केबल बदलली, मग कॉम्प्युटर बदलला. पुन्हा तेच.

शेवटी तिने प्रोसेसरला प्रत्येक पॅकेटवर क्रमांक टाकायला लावलं. कोणते क्रमांक गायब होतात ते पाहिल्यावर कारण सापडलं. यंत्राचा इवलासा पडदा रंगवताना प्रोसेसर त्यातच गुंतून पडायचा. तोवर न पाठवलेल्या माहितीवर नवी माहिती येऊन बसायची. तिने रंगवण्याचं काम तुकड्यातुकड्यांनी करायला लावलं, पाठवण्याला अग्रक्रम दिला आणि माहितीला थांबायला आणखी एक जागा करून दिली.

सासरे पुन्हा खुर्चीत बसले. आलेख सुरळीत धावू लागला. मग क्षणभर सपाट झाला आणि परत उठला.

"अजून गळतंय," शंकासुर म्हणाला.

तिने क्रमांक तपासले. सगळे ओळीने होते. "एकही गळलेलं नाही."

"मग हे काय?"

तिने बाजारातलं दुसरं, खात्रीचं यंत्र जोडलं. थोड्या वेळाने त्यावरही तशीच सपाट रेघ आली.

"बाबा, तुम्हाला चक्कर येते का कधी?"

"येते जिना चढताना." ते शर्टाची बटणं लावू लागले. "बोललो नाही. उगाच तुमच्या जिवाला घोर."

तशीच ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. हृदय मधेच थांबतंय हे डॉक्टरांनी पक्कं केलं आणि पेसमेकर बसवला. सासरे घरी आले, हिंडूफिरू लागले.

कामावर परतल्यावर तिने जुने आलेख उघडले. त्यातली कोणती रेघ प्रोग्रामची आणि कोणती सासऱ्यांची, हे तिला ओळखता येईना. त्या पॅकेटांना क्रमांकच नव्हते. बराच वेळ पाहून तिने ते बंद केले.

पुढच्या चाचणीसाठी तिने सासऱ्यांना सहज विचारलं.

"छे! आता माझ्या आतच यंत्र आहे. तुम्ही कुणाचे ठोके मोजणार, माझे की त्याचे?"

मग शंकासुराने शर्ट काढला आणि तो खुर्चीत बसला. ती वायरी चिकटवू लागली तेव्हा तो म्हणाला, "ते दुसरं, खात्रीचं यंत्रही जोड."