जुनी गाडी दमायची ती जागा

"विचार ना त्यांना," पुष्कर म्हणाला. "टर्बो घेण्यात अर्थ आहे का नाही, एवढंच."

दीप्तीने भज्यांचा घाणा काढला, गॅस बारीक केला आणि मागच्या दाराकडे वळली. पायरीवर मियाझावा-सान गमबूट न काढताच बसले होते. शेजारी मातीने माखलेले दोन मुळे, चांगले मांडीएवढे जाड. हा माणूस कधी पुढच्या दाराने आला नाही. पुढचे दार पोस्टमनला आणि परक्यांना, असे त्यांचे म्हणणे. मागचे दार ढकलायचे, मुळा नाहीतर कोबी आत ठेवायचा आणि "दीप्ती-सान!" अशी हाळी द्यायची. शहरातल्या ग्योतोकु वस्तीतली मराठी माणसे आणि तिथला गणपती सोडून जपानमधल्या या डोंगराच्या पायथ्याशी आल्यापासून दीप्तीला माहेरचे म्हणावे असे हे एकच माणूस मिळाले होते.

पुष्कर विद्यापीठाच्या हिमकेंद्रात संशोधक होता. उतारावरचा बर्फ एकाएकी का सुटतो, हा त्याचा विषय. हिवाळाभर डोंगराच्या माथ्यावरची उपकरणे साफ करायला आणि त्यांच्या बॅटऱ्या बदलायला वर जावे लागे, आणि केंद्राची स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरची गाडी, चालवायचे मियाझावा-सान. गाडी इतकी जुनी की पुष्करच्या लहानग्या लेकीने, ईराने, तिचे नाव 'ओजीचान' ठेवले होते, म्हणजे आजोबा. घरात सगळेच मग तिला आजोबा म्हणू लागले.

आजोबांची एक खोड होती. उंचावर हवा विरळ झाली की त्यांना दम लागायचा. माथ्याच्या खाली भूर्जाची चार वाकडी झाडे आहेत, तिथवर ते कण्हत-कुंथत जायचे आणि मग मुकाट बसायचे. तिथून पुढे दोघे पायाला बर्फातली जाळीची पायताणे बांधून कड्याच्या कण्याने पायी चढत. समोरून सरळ वाटही होती. भूर्जांपासून माथ्यापर्यंत परातीसारखा पसरट, गुळगुळीत उतार होता. पण त्या वाटेने जायचे तर गाडीत तेवढा जोर हवा, आणि तो आजोबांच्यात नव्हता.

"वर हवाच कमी, तर इंजिन काय खाणार?" पुष्कर पुन्हा सांगू लागला. ही टेप घरात दिवाळीपासून वाजत होती. "टर्बो हवा कोंबून भरतो. खाली जेवढी ताकद तेवढीच वर. आणि हा बाहेरून बसवून घेतलेला नाही, कंपनीतूनच येतो. गॅरंटी कंपनीची. महाग आहे, थोडी जड आहे, मान्य. पण प्रोफेसर म्हणतात, मियाझावा-सान हो म्हणाले तर कागद पुढे सरकवतो. त्यांना विचारल्याशिवाय कुणी शिक्का मारणार नाही."

पुष्करचे जपानी ऑफिसपुरते होते. म्हाताऱ्याच्या तोंडची गावठी बोली त्याच्या डोक्यावरून जायची. दीप्ती मात्र स्टेशनजवळच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तासांच्या दुकानात, काउंटरवर बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, करून गावाची भाषा उचलून बसली होती. पुण्यात बँकेत नोकरी करणारी बाई इथे ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, विकायची, पण त्याचे तिला फारसे दुःख नव्हते. नवऱ्याची जीभ आपण आहोत याचा मात्र थोडासा अभिमान होता.

तिने विचारले. मियाझावा-साननी नव्या गाडीचे माहितीपत्रक हात लांब करून बराच वेळ पाहिले.

"छान गाडी आहे," ते म्हणाले. "मलाही बसायला आवडेल. वर पोचेल, शंकाच नाही." मग त्यांनी एक भजे उचलले, फुंकर घातली आणि तोंडात टाकले. "पण एक सांगतो. आजोबा भूर्जांपाशी दमतात, म्हणून आपण उतरतो. उतरलो की चालावं लागतं. चाललं की पायाखालचा बर्फ बोलतो. ही दमणार नाही. मग आपण उतरणार कधी?"

"काय म्हणाले? केवढं लांबलचक!" पुष्कर उतावीळ झाला होता.

दीप्तीने त्याच्याकडे पाहिले. गेल्या हिवाळ्यात त्या पायी चढणीत त्याच्या बोटांची टोके गारठून बधिर झाली होती, आणि ती रोज कोमट तेल लावून तिने पूर्ववत केली होती. नोकरीचा करार दरवर्षी नव्याने व्हायचा, आणि या वर्षी त्याची कुठलीच गोष्ट कुणी मान्य केली नव्हती. शिवाय ज्याने बर्फावर डॉक्टरेट केली, त्याला बर्फ काय सांगायचा? म्हातारी माणसे बोलतातच काहीतरी.

"वर पोचेल म्हणतात," ती म्हणाली. "त्यांनाही आवडलीय."

पुष्करने टाळी वाजवली. मियाझावा-साननी तिच्याकडे पाहिले. मराठी त्यांना येत नव्हते, पण आपले बोलणे फार आखूड झाले हे त्यांच्या ध्यानात आले असावे. दुसरे भजे त्यांनी घेतले नाही.

गाडी जानेवारीत आली. आजोबांनाही मोडीत काढले नाही, कारण डोंगरात एकट्या गाडीने जायचे नाही असा केंद्राचा नियम. नवी पुष्कर चालवू लागला, मागून आजोबांवर मियाझावा-सान. भूर्जांपाशी आजोबा थांबत, आणि पुष्कर तसाच पुढे परातीवरून वर निघून जाई.

पहिल्याच खेपेला तो दुपारच्या जेवणाला घरी हजर.

"दीप, काय गाडी आहे! डोळे मिटून उघडेपर्यंत माथा. अख्खा दिवस वाचला."

"भूर्जांपाशी उतरला नाहीस?"

"उतरायचं कशाला? ती थांबतच नाही."

दीप्तीच्या हातातली पोळी तव्यावर करपली. त्याच वेळी सांगायला हवे होते. पण तो इतका खूश होता, आणि ईरा शाळेतून लवकर आलेली, बापाच्या मांडीवर बसून जपानीत इंजिनाचे आवाज काढत होती. दृष्ट लागेल असे ते ताट होते. दीप्तीने करपलेली पोळी आपल्या ताटात घेतली आणि त्याला ताजी वाढली.

त्यानंतर तो वर गेला की जेवायला घरी येऊ लागला. तिला बरे वाटायचे आणि त्या बरे वाटण्याचीच भीती वाटायची. मियाझावा-सान येत राहिले, मुळे ठेवत राहिले. एकदा तिने त्यांना विचारले, "तुम्ही त्याला काही बोलत का नाही?"

"बोललो होतो," ते म्हणाले. "तुमच्याजवळ."

रागाने नव्हे, अगदी सहज म्हणाले. दीप्तीला मात्र ते घासाला खडा लागावा तसे लागले.

फेब्रुवारीच्या अखेरीस दोन दिवस वारा घोंघावला. तिसऱ्या दिवशी आभाळ असे स्वच्छ उघडले की डोंगर अंगणात आल्यासारखा वाटावा. वाऱ्याने सगळा बर्फ पलीकडून उचलून परातीत आणून भरला होता. असा नव्याने भरलेला बर्फ जरा भार पडला की सुटतो, इतके दीप्तीलाही समजत होते. दहा वर्षे त्याच्या शेजारी बसून तिने तेच ऐकले होते.

पुष्कर बुटाच्या नाड्या आवळत होता.

"आज नको जाऊस."

"उपकरणं गोठलीत. दोन दिवसांच्या नोंदी आल्या नाहीत. अगं, असाच दिवस मोजायचा असतो."

"मग भूर्जांपाशी उतर. कण्याने चालत जा." ती त्याच्यासमोर खाली बसली. "त्या दिवशी ते नुसतं 'वर पोचेल' म्हणाले नव्हते रे. म्हणाले, गाडी दमते म्हणून आपण उतरतो आणि उतरलो की बर्फ कळतो. मी तुला अर्धंच सांगितलं."

पुष्कर थांबला. क्षणभर त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. मग तो हसला. "मला माहीत नाही का ते? वेडी कुठली. म्हातारा बरोबर बोलला."

"मग उतरशील?"

"बघतो."

मराठी नवऱ्याचे 'बघतो' म्हणजे काय, हे मराठी बायकोला सांगावे लागत नाही. ती बाहेर रस्त्यापर्यंत त्याच्या मागे गेली. ट्रकवर दोन्ही गाड्या बांधलेल्या होत्या. मियाझावा-साननी तिला मान लववली, आणि ट्रक वळणाआड गेला.

तिने कोंबिनीत फोन करून सुट्टी घेतली. आमटी टाकली, भात टाकला, त्याच्या आवडीची मुळ्याची कोशिंबीर केली. गावच्या भोंग्यावर बाराची धून वाजली. तिने दोन ताटे मांडली. मग उगीचच वाट्या पुसल्या आणि पुन्हा मांडल्या.

डोंगराच्या बाजूने हेलिकॉप्टरचा आवाज आला. लिफ्टच्या बाजूला कुणाचा पाय मोडला असेल, स्कीवाल्यांचे होतेच असे. आवाज आला, एका जागी घोटाळत राहिला आणि बराच वेळ गेला नाही. दीप्तीने आमटी पुन्हा गरम केली. ती उकळून आटू लागली तेव्हा थोडे पाणी घातले.

बेल वाजली.

या घरात बेल वाजायची ती पार्सलवाल्याची. तिने कुठलेही पार्सल मागवले नव्हते. स्वयंपाकघरातून पुढचे दार दिसत होते, आणि दाराच्या धुरकट काचेत एक बुटका, रुंद माणूस उभा होता. टोपी काढून छातीशी धरलेली. त्याची वाकलेली मान तिने काचेआडूनही ओळखली.

तिने गॅस बंद केला. पदर नव्हता, तरी ओढणी खांद्यावर नीट घेतली. मग ती पुढच्या दाराकडे गेलीच नाही. मागे वळून तिने स्वयंपाकघराचे दार सताड उघडले. थंडी आत घुसली. पायरीवर कालचा मुळा तसाच पडला होता. तो तिने बाजूला सरकवला आणि बसायला जागा केली.

"मियाझावा-सान," तिने घरावरून पलीकडे ऐकू जाईल अशी हाक मारली, "इकडून या ना, नेहमीसारखे. इकडून."

थोड्या वेळाने पुढच्या दाराची बेल पुन्हा एकदा, हळूच वाजली.