मकाव लाकलास मा

ओळख. पहिला खर्डा

नमस्कार मंडळी. आज आपण ज्यांच्या फोटोला हार घालणार आहोत ते कै. गुरुनाथ वालावलकर हे माझे आजोबा. स्वतंत्र भारताच्या अगदी सुरुवातीच्या कॉन्सुलांपैकी एक. १९४९ साली ते अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रुजू झाले तेव्हा कचेरीत खुर्च्या कमी होत्या आणि झेंडा खिडकीतून लावायचा की दारावर, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. शिक्षण पुण्याला, नंतर लंडनला. त्यांचं इंग्रजी ऐकून अमेरिकन माणसं स्वतःचं इंग्रजी सावरून बोलायला लागायची.

त्यांच्या हजरजबाबीपणाचा एक किस्सा. एकदा बंदरावरच्या अधिकाऱ्याचा फोन आला. एक खलाशी सापडलाय, कागदपत्रं नाहीत, इंग्रजी येत नाही, तुमचा आहे का बघून जा. कॉन्सुलने ‘आमचा’ म्हटलं की संपलं, त्याला सोडवायचं, जेवूखाऊ घालायचं, मायदेशी पाठवायचं. आजोबा गेले. त्यांना बघताच तो खलाशी ताडकन उठला आणि ओरडला, “मकाव लाकलास मा! मकाव लाकलास मा!”

अधिकारी म्हणाला, “काय म्हणतोय?”

आजोबा हॅट चढवत म्हणाले, “मकाव म्हणतोय. चीनजवळचं मकाव, पोर्तुगीजांचं. त्यांच्या कॉन्सुलला बोलवा.” आणि जेवायच्या वेळेला घरी हजर!

(इथे हशा. थांबायचं.)

*

हशा येणार याची स्वानंदीला खात्री होती, कारण तो आजवर दर वेळी आला होता. तिचे वडील, हेमचंद्र वालावलकर, आता ऐंशीच्या पुढचे, निवृत्त इंजिनियर. अमेरिकेतल्या त्यांच्या पार्सिपनी गावात हा किस्सा त्यांनी सांगितला नाही असं एकही मराठी घर नव्हतं. घरात तर ते वाक्य मिठासारखं वापरलं जायचं. कोणी केस बारीक कापून आलं, मकाव लाकलास मा. हॅलोविनला मुखवटा घातला, मकाव लाकलास मा. स्वानंदीच्या मुलीने, अनयाने, तिसरीत असताना त्याचाच वाय-फायचा पासवर्ड केला होता.

अर्थ कोणी विचारत नसे. अर्थ नाही, हीच तर गंमत.

रविवारच्या कार्यक्रमाचा हा खर्डा मराठी मंडळाच्या स्मरणिकेतही छापायचा होता. शुक्रवारी स्वानंदी किराण्याच्या दुकानाबाहेर गाडीत पिशव्या भरत असताना सुचित्रामावशींचा फोन आला. मावशी मूळच्या कुडाळच्या, निवृत्त डॉक्टर, आणि मंडळाच्या स्मरणिकेची प्रुफं तपासायचं काम कोणी घेत नाही म्हणून त्यांच्याकडे आलेलं.

“स्वानंदी, त्या वाक्यात टायपो आहे का गं?”

“मकावच्या? नाही मावशी, ते तसंच आहे. काहीतरी पोर्तुगीज असेल.”

“एकदा मोठ्याने म्हण बघू.”

स्वानंदीने म्हटलं. शेजारच्या गाडीतल्या बाईने काच वर केली.

“आता सावकाश.”

“म-काव-ला-कलास-मा. काय झालं?”

पलीकडे प्रुफाचं पान उलटल्याचा आवाज आला. मग, “आडनाव वालावलकर, आणि मालवणी येत नाही तुम्हाला कुणाला?”

“घरात कधी कोणी बोललंच नाही.”

“माका,” मावशी म्हणाल्या. “माका म्हणजे मला. मग, वळाकलंस. मग, मां. माका वळाकलंस मां?”

स्वानंदीच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती. ती तिने सीटवर ठेवली, मग उचलून परत हातात धरली.

“मला ओळखलंस...”

“ना. मां म्हणजे ना. ओळखलंस का, असं नाही विचारत तो. ज्याला खात्री असते तो असं विचारतो. आणि ‘तू’ म्हणतोय गं. हॅट घातलेल्या कॉन्सुलला अरेतुरे कोण करणार? एका पातेल्यातली पेज प्यायलेला माणूसच करणार.”

“आजोबांना नसेल कळलं.”

“बाळा, ते वालावलात जन्मले असं तूच लिहिलंयस. दुसऱ्या पानावर.” मावशींनी घसा साफ केला. “छापू? की मंडळाच्या यतीनला सांगू, माझा कॉम्प्युटर बसला म्हणून?”

*

ओळख. दुसरा खर्डा

...त्यांच्या हजरजबाबीपणाचे अनेक किस्से सांगता येतील, परंतु वेळेअभावी

(‘वेळेअभावी’ खोडलं. पुन्हा लिहिलं. दुसरं काही सुचेना.)

*

हेमचंद्र बेसमेंटमध्ये क्रिकेट बघत होते. स्वानंदीने आवाज बंद केला आणि ते वाक्य म्हटलं, मावशींनी तोडून दिलं होतं तसं.

“हे काय?”

“तेच आहे, बाबा. आपलं मकाव.”

त्यांनी ते स्वतःशी म्हणून बघितलं. पहिल्यांदा जुन्या चालीवर गेलं, शेवटी वर चढणारं, हसू आणणारं. दुसऱ्यांदा नीट आलं. टीव्हीवर कोणीतरी बाद झालं आणि खेळाडू एकमेकांना मिठ्या मारत होते.

“पपा दहा वर्षांचे होईपर्यंत गावातच होते,” ते म्हणाले. मग, “आई हसायची नाही.”

“आजी?”

“पपांनी गोष्ट काढली की आई कॉफी आणायला उठायची. दर वेळी. आम्ही चिडवायचो, आईला जोक कळत नाही. ती सावंतवाडीची होती, स्वानंदी.”

“त्या माणसाचं नाव काय होतं?”

“खलाशी.”

“नाव, बाबा.”

“आम्ही खलाशीच म्हणायचो.”

“पुढे काय झालं त्याचं?”

हेमचंद्रांनी चष्मा काढला. “मी विचारलं होतं एकदा, लहानपणी. पपा म्हणाले, गेला असेल मकावला. आम्ही तेव्हाही हसलो.”

*

ओळख. तिसरा खर्डा

माझे आजोबा १९४९ साली ________ यांना भेटायला बंदरावर गेले. ________ हे त्यांचे ________ होते.

*

शनिवारी यतीनचा फोन. मंडळाचा अध्यक्ष, नागपूरचा, सगळ्या गोष्टी एका दमात बोलणारा. “किस्सा का काढला यार? सुचित्रामावशी म्हणतात फाइल करप्ट झाली. अगं, पब्लिक काकांच्या मकावसाठी येतं!”

“बाबांना बरं नाहीये थोडं.”

“मग तू सांग. दोन मिनिटं. हशा झाला की लगेच जेवण.”

फोन ठेवल्यावर हेमचंद्र म्हणाले, “काही बोलायचं नाही. किस्साही नाही आणि दुसरंही नाही. माणसं हार घेऊन येणार. मेलेल्या बापाला मी भर सभेत...” स्वानंदीला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचं तिला बरं वाटलं नाही.

*

रविवार. मिडल स्कूलचं ऑडिटोरियम. पडद्यावर हॅट हातात घेतलेले गुरुनाथ वालावलकर, शाळेच्या दारापेक्षा मोठे.

स्वानंदीने दुसरा खर्डा वाचला. ‘वेळेअभावी’ म्हणताना ती कागदाकडे बघत राहिली. टाळ्या झाल्या. हेमचंद्रांना शाल दिली, नारळ दिला. ते खाली उतरायला वळले तोच मागच्या रांगेतून आवाज आला.

“काका, मकाव!”

“हो हो, मकाव झालंच पाहिजे!”

“म-काव! म-काव!” हे पोरांनी सुरू केलं. त्यांत अनयाही होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं.

हेमचंद्र नारळ घेऊन माइकपाशी आले. स्वानंदीने मान हलवली, नको. ते तिच्याकडे बघत नव्हते, पडद्याकडे बघत होते.

“माका वळाकलंस मां?”

सभागृह फुटलं. नेमकं जिथे थांबायचं तिथेच ते थांबले होते, सवयीने.

हसू ओसरलं तसं ते पुन्हा म्हणाले, तेच, त्याच आवाजात. या वेळी थोडेच हसले, बाकीचे शेजाऱ्याकडे बघू लागले. तिसऱ्या रांगेत सुचित्रामावशींनी पर्स मांडीवर घट्ट धरली होती.

“याचा अर्थ, मला ओळखलंस ना,” हेमचंद्र म्हणाले. “माझ्या वडिलांनी ओळखलं होतं.”

कोणी खोकलं. कॅफेटेरियातून मसालेभाताचा वास येत होता. हेमचंद्रांना आणखी काहीतरी म्हणायचं होतं, ओठ हलले, पण बोलायला नाव लागतं आणि नाव त्यांच्याकडे नव्हतं.

यतीनने हलकेच माइक घेतला. “थँक यू काका. खूपच इमोशनल क्षण. मंडळी, जेवण तयार आहे, वयस्कर आणि लहान मुलं आधी!”

रांगेत एक जण हेमचंद्रांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “काका, नवा एंड भारी आहे. पण जुना जास्त हसवतो.” दुसरं एक जोडपं, नेहमी मिठी मारणारं, लांबूनच हात हलवून गेलं. हेमचंद्रांनी शाल काढली. ती कुठे ठेवावी ते त्यांना कळेना, म्हणून ती घडी करून नारळावर ठेवली आणि दोन्ही हातांत धरून ताटाशिवाय उभे राहिले.

*

गाडीत. स्वानंदी चालवत होती. हेमचंद्र शेजारी. मागून अनया म्हणाली,

“आजोबा, सो ही वॉज लाइक, अवर फॅमिली?”

“असेल.”

“अँड दे जस्ट लेफ्ट हिम देअर?”

सिग्नल लाल झाला.

“मग व्हॉट हॅपन्ड टू हिम?”

“गेला असेल म...” हेमचंद्रांच्या तोंडून आलं.

त्यांनी तोंड मिटलं. सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाडीने हॉर्न दिला, आणि स्वानंदीला गाडी पुढे काढायचं सुचलं नाही.