नव्याचं जेवण

"आपल्या समाजाच्या चालीरीतींवर तुमचा विश्वास आहे का?" जीपच्या धक्क्यांत कागद सांभाळत रोहिणीमॅडमनी विचारलं. "पूर्णपणे, बराचसा, थोडासा की अजिबात नाही?"

"थोडासा," धर्मेंद्र म्हणाला.

मॅडमनी खूण केली. थोडासा म्हणजे नेमका किती, ते आता पुण्याला मोजून निघणार होतं. डोंगरातली माणसं शिकून नोकरीला लागली की मनाने किती इकडची उरतात आणि किती तिकडची होतात, याचे दोन आकडे त्या प्रत्येकाच्या नावापुढे मांडत होत्या. जव्हारच्या कचेरीत त्यांना धर्मेंद्र सापडला. नमुनाही तोच आणि दुभाष्याही तोच, म्हणजे बाईंचं एका दगडात दोन पक्षी. जव्हार सोडल्यापासून तो मनातल्या मनात त्यांच्या नावाने बोटं मोडत होता.

तरी तो आला होता आपल्या मतलबाने. वावर गावाच्या पलीकडे त्याच्या पाड्यावर आज त्याच्या घरचं नवं होतं. नवा भात शिजवून कणसरी मातेला, धान्याच्या देवीला, दाखवायचा आणि मग घरच्या सगळ्यांनी एकत्र बसून खायचा. तोवर घरच्या माणसाने, तो कुठेही असो, नव्या तांदळाचं शीत तोंडात घालायचं नाही. मॅडम म्हणाल्या, परवा जाऊ. धर्मेंद्रने आजचाच दिवस धरला. दारी आलेल्या पाहुण्याला बुधा हाकलणार नाही आणि पाहुणीबरोबर आलेल्यालाही हाकलता येणार नाही, असा त्याचा हिशेब होता.

बुधा त्याचा थोरला भाऊ. गेल्या वर्षी याच दिवसांत हेडक्लार्कांनी धर्मेंद्रला घरी जेवायला बोलावलं आणि पानात नवा भात वाढला. त्याचा हात अडखळला तसे सगळे हसले. "अरे, अजून पाड्यावरच आहेस का?" असं कुणीतरी म्हणालं. कचेरीत त्याच्या बोलण्याच्या नकला रोज व्हायच्या, त्यात ही भर नको म्हणून तो जेवला. पुढे घरी गेल्यावर त्याने ते आपल्या तोंडाने सांगितलं. शिकलेला माणूस असला तरी घरच्या देवापुढे लपवाछपवी त्याला जमली नाही. त्यानंतर आठवडा गेला नाही तोच बुधाची धाकटी लेक सकू जुलाबाने गेली आणि बुधाने त्याचा दोष धर्मेंद्रला दिला. पोर आधीच हाडांचा सापळा झाली होती, पावसाने रस्ता तुटला होता आणि दवाखाना लांब होता. धर्मेंद्रला हे सगळं कळत होतं. ते कळत असूनही यंदा नवे तांदूळ बाजारात आल्यापासून त्याने खानावळ सोडली होती आणि खोलीवर जुने तांदूळ शिजवून खात होता. मॅडमच्या कागदावर याला रकाना नव्हता.

ओढ्यापाशी जीप सोडून दोघं चढून गेली. बुधा ओट्यावर बसला होता. त्याने मॅडमना राम राम केला, घोंगडी अंथरली, पाणी मागवलं. भावाकडे त्याने पाहिलंही नाही.

मॅडमचे प्रश्न सुरू झाले. धर्मेंद्र ते पाड्याच्या बोलीत सांगायचा आणि बुधा उत्तर मॅडमच्या तोंडाकडे बघून द्यायचा. शेती किती, मुंबईकडे मजुरीला कोण जातं, पोरं शाळेत जातात का, असं चाललं होतं. मग मॅडमनी पान उलटलं. शिकून बाहेर गेलेला माणूस तुमचा राहतो असं तुम्हाला वाटतं का, हे त्यांना हवं होतं.



"बाईला सांग," बुधा म्हणाला. "मना एक भाऊ होता, माघ्या. त्याला आश्रमशाळेत घातला. गुरुजीनं त्याचं नाव बदललं, तो मंग परत आलाच नाय. आला तो सरकारचा मानूस. त्यानं आमच्या घरात मरण आनलं."

दुभाष्याने पदरचं घालायचं नाही आणि गाळायचंही नाही, असं मॅडमनी निघतानाच बजावलं होतं. धर्मेंद्रने शब्दाला शब्द शुद्ध मराठीत सांगितला, फक्त माघ्या म्हणजे आपणच, हे सांगितलं नाही.

"अरेरे," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे बाहेर गेलेला माणूस अजिबात आपला राहत नाही, असंच लिहू ना?"

"तसंच लिहा," धर्मेंद्र म्हणाला. तो बुधाकडे वळला. बाईंना ही बोली कळत नाही, एवढंच बरं होतं. "दादा, मी अजून नवं चाखलं नाय. मना आज आत बसू दे."

"सकू पन बसली असती," बुधा म्हणाला आणि उठून आत गेला.

धर्मेंद्र ओट्यावरच राहिला. आतून नव्या भाताचा वास आला, त्याबरोबर कोंबडीच्या कालवणाचा. घरची माणसं आत कणसरीपुढे गोळा होत होती, पोरांची बसायच्या जागेवरून भांडणं चालली होती. लहानपणी त्याची जागा आईच्या उजव्या हाताला असायची. तिथे आज कोण बसलं, ते ओट्यावरून दिसत नव्हतं.

बुधाची बायको रामी बाहेर आली. तिने पळसाची दोन पानं मांडली, एक मॅडमपुढे, एक धर्मेंद्रपुढे. भात वेगळ्या टोपातला होता. पहिला घास हातात घेतानाच त्याला कळलं. कण्या झालेला, पिवळट, रेशन दुकानातला जुना भात. घरचं नवं पाहुण्याला वाढत नाहीत, ही रीत त्याला काय कुणी शिकवायची? त्याने मान वर केली. रामीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

"वा," मॅडम मिटक्या मारत म्हणाल्या. "हाच का तो नवा तांदूळ?"

 धर्मेंद्रला क्षणभर वाटलं, खरं सांगून टाकावं, भावाचा आणि या बाईचा एकदमच सूड उगवता येईल. पण उद्या पुण्याला चारचौघांत ही बाई सांगेल की, त्या पाड्यावर सख्ख्या भावाला ओट्यावर जेवायला बसवतात.

"हो," तो म्हणाला. "हाच."

मॅडमनी डाव्या हाताने कागद ओढला. सण घरच्यांसोबत साजरा करता का, या ओळीवर त्यांनी पूर्णपणेची खूण केली. "तुमचा नमुना छान निघाला हो. इकडचंही सुटलं नाही, तिकडचंही जमलं. असे फार थोडे." मग त्यांनी पळसाचं पान पुढे सरकवलं. "आणखी थोडा मागू का?"

"नको," धर्मेंद्र म्हणाला. "घरच्यांना पुरायला हवा."

मॅडमनी समजुतीने मान हलवली. आत जेवणं सुरू झाली होती. धर्मेंद्रने पानातलं शेवटचं शीत टिपलं, पान दुमडलं आणि ओट्याच्या कडेला, पाहुण्यासाठी ठेवलेल्या तांब्यातल्या पाण्याने हात धुतले.