चढावरचा गिअर

“तू आमच्यातला का त्याह्यच्यातला, थे सांग पहिले,” खेमसिंग म्हणाला आणि त्याने मोबाइल थेट वाहिदच्या नाकासमोर धरला.

वाहिद एका जीपखाली उताणा पडला होता. अशा अवस्थेतल्या माणसाला कोणती बाजू घेणार म्हणून विचारू नये, त्याला वर फक्त इंजिन दिसत असतं. तरी त्याने बाहीने तोंडावरचं ऑइल पुसलं आणि पडल्या पडल्याच मोबाइलकडे बघितलं. पडद्यावर नवी शिकरा होती. चार दारं, उंच, ऐसपैस, बॅटरीवर चालणारी. मागच्या बाजूला मात्र तेच नाव, त्याच तिरप्या अक्षरांत.

“चांगली दिसते,” वाहिद म्हणाला.

“झालं,” खेमसिंग म्हणाला. “तूबी गेला.”

आता ही शिकरा काय भानगड आहे ते सांगायला हवं. घरोघरी जिच्या साध्यासुध्या गाड्या असतात, डॉक्टर-मास्तर ज्या डोळे मिटून घेतात, त्या कंपनीला फार वर्षांपूर्वी एकदा काय लहर आली कोण जाणे. तिने दोन दारांची, बुटकी, लालभडक, सुसाट पळणारी गाडी काढली. तिचं नाव शिकरा. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरावं लागे. बायका-पोरं तिच्यात मावेनात, सासूबाईंना तर शिरताच येईना, तेव्हा थोड्याच वर्षांत कंपनीने ती काढणं बंद केलं. पण ज्यांना तिचा नाद लागला त्यांचा तो काही सुटला नाही. मोबाइलवर त्यांचा ग्रुपच होता, ‘शिकरावाले’ नावाचा. खेमसिंगचं पांढरकवड्यात स्पेअर पार्टचं दुकान. त्याने आपली शिकरा कधीच विकून टाकली होती आणि तेव्हापासून तो तिच्यावर जास्तच प्रेम करत होता. यवतमाळचे संघदीप सर कॉलेजात शिकवायचे, त्यांची शिकरा अंगणात कापडाखाली झोपलेली असायची. चालती शिकरा साऱ्या जिल्ह्यात एकच उरली होती, ती वाहिद मेकॅनिकची.

आणि वाहिदची शिकरा म्हणजे नवरीची गाडी. कुणी तरी ठोकून टाकलेली ती गाडी त्याने भंगारातून आणली, पायावर उभी केली, आणि एका दोस्ताच्या बहिणीच्या बिदाईला नेली. तिथून जी रीत पडली ती पडलीच. तांड्यावरची असो, बौद्धपुऱ्यातली असो की मोहल्ल्यातली, पांढरकवड्याची नवरी निघायची ती वाहिदच्या लाल गाडीतून. बापाने पुढची सीट वाकवून धरायची, पोरीने शालू सावरत आत शिरायचं. ती हटकून मधेच अडकायची, कुणी मागून ढकलायचं, कुणी आतून ओढायचं, आणि इतका वेळ रडणाऱ्या बाया हसायला लागायच्या.

मग गाडी सुटायची. गल्लीतून बाहेर, पेट्रोलपंपावरून वळून, हायवेच्या चढावर. शिकराचा आवाज खर्जातला, दारात उभ्या माणसाला तो पार चढापर्यंत ऐकू यायचा. निघण्याआधी वाहिद प्रत्येक बापाला बाजूला घेऊन सांगायचा, “चढावर मी गिअर बदलतो. आवाज एकदा खाली बसन, मंग पुन्हा उठन. थे झालं का समजा, पोरगी हायवेले लागली. मंग आत जायचं. उगाच दारात उभं नाही राह्यचं.” आणि बाप लोक खरोखरच तसं करायचे. आवाज बसायचा, उठायचा, ते उपरण्याने किंवा रुमालाने डोळे पुसून आत जायचे. त्यांना काही तरी ठरलेलं मिळायचं.

तर आता वाहिदच्या लेकीचं, जेबाचं, लग्न ठरलं होतं. आणि जावई तरी कोण, तर रिजवान, यवतमाळला त्याच कंपनीच्या शोरूममध्ये नव्या गाड्या विकणारा. त्याच्या मालकाने खुशीने नवीकोरी शिकरा रुखसतसाठी, म्हणजे नवरीच्या पाठवणीसाठी, देऊ केली होती. पोरगा सालस. “चाचा, तुमची मर्जी असेल तरच,” असं म्हणून त्याने सगळं ओझं वाहिदच्याच डोक्यावर ठेवलं होतं.

“आपल्या शिकराचं नाव नेऊन त्या डब्याले चिटकवलं,” खेमसिंग सांगत होता. “ना आवाज, ना गिअर. अरे, घरातल्या मिक्सरले बी त्याहून जास्त आवाज असते. तुही पोरगी त्याच्यात बसून गेली तं आम्ही तोंड कुठं दाखवावं?”

“लग्न माह्या पोरीचं आहे, खेमसिंग.”

“पन नाव सगळ्याह्यचं आहे.”

वाहिदला ते पटलं. नाव सगळ्यांचंच होतं. संध्याकाळी संघदीप सरांचा फोन आला. ते म्हणाले, “वाहिदभाई, रागावून काय उपयोग? नाव तरी जगलं. नाहीतर आपल्यामागं शिकरा म्हणजे काय, हे कोणाला माहीत असणार होतं? पाखरू म्हणून ऐकलं असतं लोकांनी.” वाहिदला तेही पटलं. ग्रुपवर कुणी याला गद्दारी म्हणत होतं, कुणी म्हणत होतं जमाना बदलला. सकाळी ज्याने गद्दारी म्हटलं त्यानेच दुपारी विचारलं, एका चार्जिंगमध्ये नागपूर जाऊन-येऊन होईल का. वाहिद सगळं वाचायचा, आणि ज्याचं वाचत असेल त्याचंच खरं वाटायचं.

“सगळ्याह्यचं सांगून राह्यले,” त्याची बायको गझाला भाकरी थापता थापता म्हणाली. “तुमचं काय म्हननं आहे?”

“थेच शोधून राह्यलो,” वाहिद म्हणाला. तो थट्टा करत नव्हता.

जुम्म्याच्या नमाजनंतर रिजवान नवी शिकरा घेऊन आला आणि त्याने किल्ली वाहिदच्या हातात दिली. खरं तर किल्ली नव्हतीच ती, काळा चपटा तुकडा होता. करंजीच्या रस्त्याला लागल्यावर वाहिदने पाय दाबला आणि त्याची पाठ सीटला चिकटली. गाडी अशी निघाली की त्याच्या तोंडून हसू फुटलं, वयाला न शोभणारं, खो खो. पण त्याचा डावा हात सारखा गिअर शोधत होता. तिथे चहाचा कप ठेवायचा खड्डा होता. हात त्या खड्ड्यात जाऊन परत यायचा. रिजवान शहाणा, तो खिडकीबाहेर बघत राहिला.

“कशी वाटली, चाचा?”

“पळते,” वाहिद म्हणाला. आवडली होती, आणि ते त्याला आवडलं नव्हतं. घरी येऊन तो जुन्या शिकरापाशी गेला आणि कापड घेऊन तिचं बॉनेट पुसत बसला. बाहेर पोटभर जेवून आलेला माणूस घरच्या ताटावर कसा ओशाळून बसतो, तसा. शेवटी मनाशी म्हणाला, बस्स, विचार खूप झाला. जुनीच. खेमसिंगला फोन करून सांगितलंसुद्धा. खेमसिंगने ग्रुपवर फुलांचे गुच्छ पाठवले.

दुसऱ्या दिवशी जेबा डबा घेऊन गॅरेजवर आली. ती उर्दू शाळेत शिकवायची, घाईत असायची, पण आज टायरच्या थप्पीवर निवांत बसली.

“अब्बा, जुनी न्यायची ठरलं म्हन्ते अम्मी. चालवीन कोन?”

“मीच. आखीन कोन?”

प्रश्नच नव्हता. शिकराचा दुसरा गिअर उडायचा, दांडा तळव्याने दाबून धरावा लागे. एकदा खेमसिंगने हट्टाने गाडी घेतली होती, तेव्हा नवरी भर चौकात अर्धा तास अडकून पडली होती आणि नवरदेवाने खाली उतरून धक्का मारला होता. त्यानंतर कुणी हात लावला नव्हता.

“मंग दारात कोन उभं राहीन?” जेबाने विचारलं.

वाहिदच्या हातातला घास हातातच राहिला. इतक्या पोरी त्याने पोचवल्या, पण ही गोष्ट त्याच्या डोक्यात कधी आलीच नव्हती. दारात उभं राहणारे बाप दुसरे असायचे. तो स्टिअरिंगवर असायचा.

“साऱ्या पोरीह्यनं मांगं वळून पाह्यलं तं त्याह्यचे अब्बा दारात होते,” जेबा म्हणाली. “मी पाह्यलं तं रिकामं दार दिसन. अन् समोर पाह्यलं तं तुमची पाठ. मले तुम्ही दारात पाह्यजे.”

“तुले नवी आवडली का?”

“मले गाड्याह्यतलं काही समजत नाही, अब्बा,” ती म्हणाली आणि डबा त्याच्याकडे सरकवला. “जेवा.”

तिचं खरं होतं. या वेळी मात्र ज्याने शेवटी सांगितलं त्याचं खरं, असं नव्हतं, खरंच खरं होतं. वाहिदने नवीला होकार दिला. खेमसिंगने दोन दिवस बोलणं टाकलं, आणि लग्नाच्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन जुन्या शिकराला स्वतः झेंडूचा हार घातला. ती मांडवाबाहेर बाजूला उभी होती.

असरच्या नमाजनंतर रुखसत झाली. डोक्यावर कुरआन धरून जेबाला गाडीपाशी आणलं. वाहिद पुढे झाला, सवयीने त्याने पुढचं दार उघडलं आणि सीट वाकवायचा खटका चाचपायला लागला.

“अब्बा, इकडून,” जेबा हळूच म्हणाली.

त्याने मागचं दार उघडलं. ती सहज बसली. कुठे अडकली नाही, कुणाला ढकलावं लागलं नाही, त्यामुळे हसायला कुणाला निमित्त मिळालं नाही आणि बायांचं रडणं चालूच राहिलं. वाहिदने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग स्टिअरिंगवर बसलेल्या रिजवानकडे वाकून म्हणाला, “चढावर...” आणि थांबला. रिजवान वाट बघत होता. “चढावर जपून,” वाहिद म्हणाला.

गाडी निघाली. चाकांखाली थोडी गिट्टी वाजली, तेवढंच. मागच्या काचेतून जेबा वळून बघत होती, वाहिद दारात उभा होता, अगदी तिने सांगितलं तसा. मग गाडी गल्लीच्या टोकाला वळली.

वाहिदने कान दिला. बँडवाले सामान बांधत होते. हायवेवरून एक ट्रक गेला, मग दुसरा. चढावरून काहीच आलं नाही.

“चला आत,” गझाला डोळे पुसत म्हणाली. “गेली ती.”

“थांब जरा.”

ती आत गेली. पाहुणे आत गेले. वाहिद दाराच्या चौकटीला हात लावून मान थोडी तिरपी करून उभाच राहिला. खेमसिंग त्याच्याशेजारी येऊन उभा राहिला.

“तिले गिअर नाही, वाहिद,” तो म्हणाला. त्या दिवशी हेच त्याने भांडायला वापरलं होतं, आज आवाज अगदी खाली होता.

“मालूम आहे,” वाहिद म्हणाला. “मंग आत केव्हा जायचं?”

खेमसिंगनेही चढाकडे कान दिला. आतून कुणी तरी चहाला हाक मारली. दोघंही जागचे हलले नाहीत.