डावी बाही दीड बोट लांब

दारू सोडल्याच्या त्र्याहत्तराव्या दिवशी मास्तरच्या कामाबद्दल पहिली तक्रार आली. त्याआधी चौदा वर्षं तो पिऊन कापड कापत होता, तेव्हा कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

तक्रार घेऊन आले पोस्टमास्तर. नवा कोरा शर्ट अंगात घालूनच आले. "मास्तर, डावी बाही आखूड झालीय," ते म्हणाले. मास्तरनं टेप लावली. उजवी साडेतेवीस, डावी साडेतेवीस. शर्ट काढायला लावून, टेबलावर पसरून पुन्हा मोजली. बाह्यांमध्ये एका दोऱ्याचा फरक नव्हता.

"सारख्या आहेत हो," मास्तर म्हणाला.

"तेच तर म्हणतोय मी," पोस्टमास्तर म्हणाले.

घोळ कुठं आहे ते मास्तरला दोन दिवसांनी उमगलं, आणि उमगलं तेव्हा तो दुकानाच्या पायरीवर मटकन बसला. प्यालेल्या माणसाला उभं राहायला काहीतरी आधार लागतो. मास्तर डावं कोपर कटिंगच्या टेबलावर टेकून उभा राहायचा, आणि तसं कललेल्या डोळ्यांनी कापायचा. डावी बाही दीड बोट लांब, उजवा खांदा पाव बोट वर, कॉलर जराशी डावीकडे. चौदा वर्षं, रोज, न चुकता. निदान या एका बाबतीत त्याच्यासारखा नेमाचा माणूस शोधून सापडला नसता. आणि शहरात धड शिवणारं दुकान तेवढं एकच. लोकांनी सुरुवातीला बाही दुमडली, मग खांदा पाडला, मग तसंच उभं राहायची सवय लागली. पोरं आईबापांचं बघून तशीच उभी राहायला शिकली. फोटोग्राफरनं कॅमेऱ्याच्या स्टँडचा एक पाय कापून टाकला. रेडीमेडवाल्याचं दुकान बुडायला आलं, तसा शहाणा होऊन तोही लांब डाव्या बाहीचा माल मागवू लागला. सगळेच कलले म्हटल्यावर कोण कललंय हे कुणाला कळणार? बाहेरून आलेल्या पाहुण्यांना वाटायचं, इथली माणसं फार नम्र आहेत.

आणि आता मास्तर सुतासारखा सरळ आला होता. बायकोनं आनंद मानला, शेजाऱ्यांनी कौतुक केलं, आणि गिऱ्हाइकांनी डोकं धरलं.

दुकान मेहुण्याचं होतं. बायकोचा धाकटा भाऊ. वयानं लहान, पण मालक. "भाऊजी, भाऊजी" म्हणत पगार द्यायचा आणि "भाऊजी, भाऊजी" म्हणत झापायचा. माणूस वाईट नव्हता. मास्तरला काखेत धरून व्यसनमुक्ती केंद्रात नेलं ते त्यानंच, आणि तिथल्या फाटकाशी रडलाही तोच. पण ऐंशीव्या दिवशी त्याच्या दुकानात शिष्टमंडळ आलं. पोस्टमास्तर, दातांची डॉक्टरीण, आणि पुढारपण करायला वकीलसाहेब, ज्यांचं ऑफिस रस्त्याच्या पलीकडेच होतं. त्यांनी मास्तरसाठी फुलांचा गुच्छसुद्धा आणला होता.

"आधी तुमचं अभिनंदन," वकीलसाहेब म्हणाले. "दारू सोडलीत, फार चांगलं केलंत. पण मास्तर, आम्ही तुमचं काय घोडं मारलं होतं?"

"सरळ कोट घालून मी पेशंटच्या तोंडात बघते तर सगळे दात तिरपे दिसतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काल एक चांगला दात काढून बसले."

मास्तरनं माफी मागितली. केंद्रात त्याला सांगितलं होतं की पिऊन ज्यांना दुखावलं त्यांची माफी मागायची. न पिऊन दुखावलेल्यांचं काय करायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

शिष्टमंडळ गेल्यावर मेहुण्यानं शटर अर्धं खाली ओढलं आणि कागदात गुंडाळलेली एक बाटली खडूच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. "भाऊजी, गैरसमज नको," तो म्हणाला. "फक्त कापताना घ्यायची. शिवताना नाही. शिवताना सुई असते, शुद्धीत असलेलं बरं."

"तूच मला सोडायला लावलीस," मास्तर म्हणाला.

"घरी सोडायची होती. दुकानाचं मी कधी काही बोललो?" मेहुणा जरा खजील झाला होता, पण धंद्यापुढे त्याचा इलाज नव्हता. "हे बघा, ताई माझी आहे तसं दुकानही माझंच आहे. यापुढे एक जरी सरळ कपडा इथून बाहेर पडला, तर तुमचा रस्ता वेगळा, माझा वेगळा."

मास्तरला भीती वाटली. खरीखुरी. बाटली दारूच्या दुकानात असते तोवर तिच्याशी भांडता येतं. ही खडूशेजारी येऊन बसली होती, आणि खडूवाचून शिंप्याचं पान हलत नाही.

त्यानं शुद्धीत वाकडं कापायचा प्रयत्न केला. उजव्या पायाखाली वीट ठेवली. एक डोळा मिटला. स्वतःभोवती सात गिरक्या घेऊन कात्री धरली, तेव्हा टेबलक्लॉथच कापला गेला. शेवटी पट्टीनं मोजून, डोळ्यांत तेल घालून, दीड बोट लांब बाही काढली. पोस्टमास्तरांनी शर्ट घातला, दोन पावलं चालून पाहिलं आणि मान हलवली. "वाकडा आहे, पण मनापासून नाही," ते म्हणाले.

घरी वेगळीच तऱ्हा होती. मास्तरची तेवीस वर्षांची लेक त्याच्याशी थेट बोलत नसे. टेबलावर समोरासमोर बसून ती आईला म्हणे, "आई, त्यांना सांग, मीठ द्या म्हणावं." आई म्हणे, "अहो, मीठ द्या." मास्तर मीठ देई. दहा वर्षं हे असंच चाललं होतं आणि आईच्या घशाला कोरड पडली होती. कारणही तसंच होतं. लेक तेरा वर्षांची असताना शाळेच्या नाटकात राणी झाली होती. बापानं पोशाख शिवायचा शब्द दिला, आणि पडदा वर जायच्या पाच मिनिटं आधी, झुलत झुलत, तो आणला. पोशाखाला तीन बाह्या होत्या. दुसरं काहीच नव्हतं म्हणून पोरगी तेच घालून रंगमंचावर गेली. राजा मेल्याचा प्रसंग होता आणि लोक हसून हसून लोळले. त्या दिवसापासून तिनं त्याच्या हातचा कपडा अंगाला लावला नाही की त्याला बाबा म्हटलं नाही. तिचे कपडे मावशी बाहेरगावाहून पाठवायची. त्यामुळे झालं असं की, सगळ्या शहरात सरळ उभी राहणारी ती एकटीच उरली होती.

दारू सोडल्यावर मास्तरला एवढंच हवं होतं: तिनं एकदा आपल्याला बाबा म्हणावं. नोकरी, मान, शेजाऱ्यांचं कौतुक, हे सगळं त्यानंतरचं. केंद्रात सगळ्यांसमोर त्यानं हे सांगितलं होतं, आणि सांगताना हुंदका आल्यानं पुढचं कुणाला ऐकू गेलं नव्हतं.

सत्त्याऐंशीव्या दिवशी दुपारी मेहुणा जेवून झोपायला घरी गेला होता, तेव्हा लेक दुकानात आली. तिनं चहूकडे पाहिलं. आई नव्हती. कुणीच नव्हतं. कोपऱ्यात कोट अडकवायचा लाकडी पुतळा तेवढा होता. ती पुतळ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"यांना सांग," ती पुतळ्याला म्हणाली, "सोमवारपासून वकीलसाहेबांकडे ज्युनिअर म्हणून लागतेय. काळा कोट लागतो. रेडीमेडमधले सगळे वाकडे आहेत आणि मावशीचं पार्सल वेळेत पोचणार नाही. म्हणून आले. नाहीतर आले नसते."

मास्तरनं पुतळ्याकडे पाहिलं. पुतळ्याला डोकं नव्हतं, पण निरोप पोचवायला डोकं लागतंच असं नाही. "तिला म्हणावं, शिवतो," तो म्हणाला.

"यांना म्हणावं, बाह्या दोनच हव्यात."

मास्तरनं खालमानेनं ते ऐकून घेतलं आणि खडूसाठी ड्रॉवर उघडला. लेकीनं बाटली पाहिली. तिचा चेहरा तेरा वर्षांच्या मुलीचा झाला.

"यांना विचार, ही कुणाची."

"तिला सांग, तिच्या मामानं ठेवलीय. धंद्यासाठी." आणि मग मास्तरनं पुतळ्याला सगळं सांगितलं: शिष्टमंडळ, गुच्छ, वीट, गिरक्या, मेहुण्याची अट.

"यांना विचार, प्यायली का."

"नाही."

"प्यावीशी वाटते का, विचार."

"रोज," मास्तर म्हणाला. "खडू घ्यायला ड्रॉवर उघडतो तेव्हा. दिवसातून तीसेक वेळा."

लेकीनं ड्रॉवरमधले खडू एकेक करून उचलले, मशीनवरच्या रिकाम्या कपात ठेवले आणि ड्रॉवर पायानं लोटून बंद केला. "खडू इथं ठेवायला काय झालं होतं?" ती म्हणाली. हे पुतळ्याला की आपल्याला, ते मास्तरला कळलं नाही. त्याला ते सुचलंच नव्हतं. माणूस न पिण्यात इतका गुंतलेला असला की बारीकसारीक गोष्टी डोक्यात येत नाहीत.

मापं घेताना आणखी एक अडचण निघाली. मास्तर माप मोठ्यानं सांगायचा आणि मेहुणा वहीत उतरवून घ्यायचा, अशी त्या दुकानाची पद्धत. मेहुणा घोरत होता आणि पुतळ्याला हात नव्हते. "खांदा, साडेचौदा," मास्तर सवयीनं म्हणाला आणि थांबला.

"साडेचौदा," लेक म्हणाली.

"बाही, बावीस."

"बावीस. दोन्ही?"

मास्तरनं दुसरी मोजली. "दोन्ही," तो म्हणाला. अशी अकरा मापं झाली. दहा वर्षांत बापलेकीचं इतकं लांब बोलणं झालं नव्हतं. शेवटी मास्तर पुतळ्याकडे वळला. "तिला सांग, कुणी विचारलं तर मावशीनं पाठवला म्हणावं. नाहीतर माझी नोकरी जाईल."

"यांना म्हणावं, ठीक आहे," लेक म्हणाली.

तीन दुपारी मास्तर तो कोट शिवत होता. कापायच्या वेळी त्यानं टेबलापासून वीतभर अंतर सोडलं आणि दोन्ही पायांवर उभा राहिला. हात जागेवर होता. अस्तर दोनदा उसवून पुन्हा लावलं. काजं हातानं केली. मशीननं चालली असती, पण त्याला करायची होती.

सोमवारी, म्हणजे एक्क्याण्णवाव्या दिवशी, पाऊण वाजता वकीलसाहेब लेकीला पुढे घालून दुकानात आले. मेहुणा गल्ल्यावर होता. पोस्टमास्तर आणि डॉक्टरीणबाई उसवलेले कपडे घेऊन बसले होते. मास्तरच्या तोंडचं पाणी पळालं.

"ही तुमच्या घरची म्हणून बोलत नाही, माझी ज्युनिअर म्हणून बोलतो," वकीलसाहेब म्हणाले. "असला कोट घालून ही कोर्टात उभी राहिली तर माझी काय शोभा राहील? बघा, कशी एका बाजूला गेलीय."

सगळ्यांनी आपापल्या जागेवरून कलून पाहिलं. लेक ताठ उभी होती. कोट तिच्या अंगावर असा बसला होता की मास्तरला क्षणभर भीतीचाही विसर पडला. एवढं चांगलं काम त्याच्या हातून आयुष्यात झालं नव्हतं.

"कुठून घेतलास गं?" मामानं विचारलं.

"मावशीनं पाठवलाय," लेक म्हणाली.

मामानं सुटकेचा निःश्वास सोडला. मास्तरनंही सोडला. गोष्ट तिथं मिटली होती. पण वकील गप्प बसला तर तो वकील कसला. त्यांनी लेकीची डावी बाही चिमटीत धरून सगळ्यांना दाखवली. "तिथला शिंपी पिऊन तर्र असणार," ते म्हणाले. "बेवड्याचं काम लपत नाही. शुद्धीतल्या माणसाच्या हातून असा कोट होणं शक्यच नाही."

पोस्टमास्तर हसले. डॉक्टरीणबाई हसल्या. मामाही थोडा हसला. लेकीनं बापाकडे पाहिलं. तो डोळ्यांनी तिला विनवत होता की हस, तूही हस, आणि जा.

तिनं बाही सोडवून घेतली. "खोटं बोलले मी," ती म्हणाली. "हा कोट माझ्या बाबांनी शिवलाय. इथंच, या टेबलावर. आणि ते पीत नाहीत."

मेहुणा गल्ल्यावरून हळूहळू उठला. "भाऊजी, काय म्हणतेय ही? खरं आहे का?"

"खरं आहे."

"काय खरं आहे? शिवलात ते, की..."

"सगळंच," मास्तर म्हणाला, आणि भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर रडू लागला. नोकरी गेली म्हणून रडतोय असं पोस्टमास्तरांना वाटलं आणि त्यांनी त्याला रुमाल दिला. मेहुण्याचेही डोळे भरले होते, पण अट ती अट, आणि ती त्यानंच सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून ठेवलेली.

मास्तरनं आपली कात्री फडक्यात गुंडाळली. टेप गळ्यातच राहिली होती, ती मेहुणा म्हणाला राहू द्या.

"उद्या दुसरा कोट घालून ये," वकीलसाहेब लेकीला म्हणाले.

"हाच घालणार," लेक म्हणाली, आणि बाप बाहेर येईपर्यंत दार धरून उभी राहिली.