पाण्यात न घालायची अंगठी

कोंदण

लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर जीवरामनं बायकोला अंगठी दिली. सावद्याहून त्याच्या केळीची पहिली वॅगन दिल्लीला गेली, ते वर्ष. धुळ्याच्या एका सराफाकडे कुणा जहागीरदाराच्या जुन्या दागिन्यांची मोड आली होती, तिच्यातली. हिऱ्याची.

बेबाबाईचे हात पिठात होते. त्यानं बोट ओढलं, अंगठी चढवली.

"पाण्यात नको घालजो."

बस्स. अख्ख्या संसारात लाडाचं काही बोलला असेल तर एवढंच.

तिनं ते पाळलं. धुणं, भांडी, न्हाणं. अंगठी पदराच्या गाठीत. बाया चिडवायच्या, "हिरा काय इरघळतो का वं बेबा?" ती हसायची. जीवराम गेला तरी गाठ सुटली नाही.

रिठे

सत्त्याऐंशी साल. मुलगा शालिग्राम दीपनगरला वीज केंद्रात लागलेला. धुळ्याला मुलगी पाहायला गेले तेव्हा चहा देताना कुंदाची नजर बेबाबाईच्या बोटावर अडकली. शालिग्रामनं ती नजर पाहिली, आणि बाकीचं काही पाहिलं नाही.

"आई, साखरपुड्याले हेच घालू."

"घाल ना रे भाऊ. तिच्यासाठीच तं हाये." अंगठी देताना पाण्याचंही सांगितलं.

पण खाचांत कणीक होती, कुंकू होतं. नव्या बोटात मळकी अंगठी कशी घालायची? शालिग्रामनं ती रिठ्याच्या पाण्यात उकळली. सोन्याला काय होतंय!

सोनं झळकलं.

हिरा मेला.

पाठ

जळगावच्या सराफानं कोंदण उकललं. खड्याखालून काळा पडलेला, नखाएवढा पत्रा निघाला. खडा चपटा, पातळ, पाण्याच्या थेंबासारखा फिका.

"जुनं काम. आता कोण करतं असलं? नवा खडा बसवून देऊ?"

शालिग्रामनं पुढं विचारलं नाही. विचारायचं काय? चमक खालून होती, म्हणजे वर काच. घरी येऊन चपला काढता काढताच तो म्हणाला, "आई, बाबा फसले. काच व्हती."

बेबाबाई बराच वेळ बोटावरचा पांढरा वळ चोळत राहिली.

"ते फसणारे नव्हते," ती म्हणाली. "फसले मी. म्हनून तं पाण्यात घालू देत नव्हते."

मग एकेक गोष्ट उलटी होऊ लागली. वॅगनीमागे जाऊन दिल्लीला राहायचे ते का? अंगठी दिली त्याच वर्षी का दिली? कशाची भरपाई? ज्या माणसाबद्दल तिनं कधी वाकडं मनात आणलं नव्हतं, त्याचा फोटो तिनं झटकायचं सोडलं.

साखरपुडा झाला. नवा खडा भिंतीवर कवडसे पाडत होता. कुंदानं हळूच विचारलं, "ती कुठंय? आईंच्या बोटातली?"

"ती काच निघाली."

"निघू दे. मला तीच आवडली होती."

वाफ

म्हणून शालिग्राम जुना खडा परत बसवून घ्यायला धुळ्याला मगनकडे गेला. मगन खडे बसवायचा. त्यानं खड्यावर तोंडाची वाफ सोडली. वाफ बसलीच नाही. शेजारी काचेचा तुकडा ठेवला. त्याच्यावर ती रेंगाळली.

"हिराच आहे, भाऊ. जुना, चपट्या कापाचा. ह्याला खालून चांदीच्या पत्र्याचा उजेड द्यायचा आणि कोंदण घट्ट मिटायचं. आत पाणी गेलं की पत्रा काळा. घेणाऱ्याला कुणी बजावलं नव्हतं का?"

"बजावलं होतं," शालिग्राम म्हणाला.

एस.टी. मिळाली तशी तो सावद्याला आला. बेबाबाई तूर निवडत होती. त्यानं सगळं सांगितलं. चुलीशेजारच्या कंदिलाच्या काचेवर वाफ सोडली, हिऱ्यावर सोडली. "पाय ना आई! पाय!"

तिनं पाहिलं ते त्याच्या तोंडाकडे.

"चांगला हायेस रे तू. बापाची लाज झाकतो."

"झाकत नाही वं! मगननं सांगलं, हिरा खरा हाये. बाबा खरं बोलले व्हते!"

"ते खोटं बोलले, बोलले. आता तू नको बोलू."

त्यानं गळ्याची शपथ घेतली. देवाची घेतली. जसजसा आवाज चढत गेला तसतशी तिची नजर निवत गेली, त्याच्यावरच्या मायेनं. तिनं खडा त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली.

"जेवून घे," ती म्हणाली. "दमून आलास."