खाचेतला शेंदूर

आमचे हे, रघू मिस्त्री, भिवंडीत केसरीनाथशेठच्या वखारीत गोल करवतीच्या मशिनीवर होते. चौकटीचे तिरके काप नुसत्या हाताच्या अंदाजानं घ्यायचे आणि त्याचा यांना भारी तोरा. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात एक पट्टी पात्यावर फिरली आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. जखम भरली, पण मशीन सुरू झालं की हात थरथरायचा. शेठ भले, त्यांनी कामावरून काढलं नाही. भुसा भरायला ठेवलं. ज्याच्या हाताखाली सुतार शिकले, त्यानं पोत्यात भुसा भरायचा. मला ते बघवत नव्हतं.

मीच मागे लागले की लाकूड हातानं धरायचंच कशाला. तेव्हा हे मुंबईच्या भंगार बाजारातून एक गेज घेऊन आले. त्याची लोखंडी दांडी मशिनीच्या टेबलातल्या खाचेत सरकते, लाकूड गेजला टेकतं आणि हात पात्यापासून लांब राहतो. पण खाच उथळ निघाली. दांडी चांगली दोन सूत, म्हणजे पाव इंच, वर राहायची आणि गेज डुगडुगायचं. म्हणजे उरलेल्या बोटांना आवतणच. हे म्हणाले, दांडी एवढी घासली तर वाकेल आणि बिडाचं टेबल तासलं तर तडकेल. गेज घरी फळीवर जाऊन बसलं आणि यांनी त्याचं नाव काढणंही सोडलं.

भाद्रपदात एकदा मी डबा द्यायला वखारीत गेले. मशीन बंद होतं. खाच पहिल्यांदाच जवळून पाहिली, तर तळ लालसर काळा. नखानं खरवडला आणि नखात शेंदूर आला.

दर दसऱ्याला शेठ तेलात कालवलेला शेंदूर मशिनीच्या खाचांत भरायचे. गेज कुणी वापरतच नव्हतं, त्यामुळे कुणाचं अडलं नाही. वर्षानुवर्षांचे थर, त्यात भुसा बसून दगड झालेला. आमच्या अंजूरच्या वेशीवरच्या देवाचंही तसंच, मूळ दगड केवढा हे कुणाला ठाऊक नाही. यांना शेंदूर दिसत नव्हता असं नाही. पण देवाचं ते मोजमापात धरायचं नाही, अशी यांची समजूत. कपाळावर हात मारून घेतला मी.

खाच खरवडू द्या म्हटलं, तर शेठ ऐकेनात. शेंदूर काढला तर मशीन कोपेल म्हणाले. माझं डोकं फिरलं.

"शेठ, बोटं गेली त्या दिवशी बी शेंदूर हुताच," मी म्हटलं. "देवावर माझा राग न्हाय. पण लाकूड धराया देव येत न्हाय, गेज लागतं."

शेठ उठले. मग आत जाऊन कोरं फडकं आणि जुना पेचकस घेऊन आले, आणि हात जोडून स्वतःच खरवडायला बसले. निघाला तो सगळा शेंदूर फडक्यात बांधून कामवारी नदीत सोडला.

तरी दांडी किंचित वर राहिलीच. तेवढी हे कानशीनं घासत बसले. थोडं घासायचं, खाचेत सरकवून बघायचं, पुन्हा घासायचं. कानस त्याच उजव्या हातात होती आणि हात थरथरत नव्हता. मी बघितलं, पण बोलले नाही, दृष्ट लागायची.

मग मशीन सुरू झालं. यांनी ओठ घट्ट मिटले आणि गेज पुढे ढकललं. दोन तुकडे कापून काटकोनात जुळवले, उजेडाकडे धरले. फटीतून कवडसासुद्धा येईना. हे हसले आणि रडू मला आलं.

दसऱ्याला शेठनी शेंदराची वाटी यांच्या पुढ्यात धरली. "रघू, यंदा तू लाव."

शेंदूर अनामिकेनं लावायचा असतो. हे थबकले. त्या बोटाला टोकच नव्हतं. मग तेच बोट वाटीत बुडवून यांनी मशिनीच्या पायावर एक टिळा ओढला.

"आन खाचेत?" शेठनी विचारलं.

"खाच मोकळी ऱ्हाऊ दे, शेठ," हे म्हणाले. "उद्या कामावर यायचं हाय."